जसा चिकटतो, तसा सुटतो: गोंद काढायचा कसा आणि निवडायचा कोणता?

(हे या भागाचं लिखित रूप. लोकलमध्ये आवाज नीट आला नसेल किंवा एखादी कृती हातात वस्तू घेऊन पुन्हा बघायची असेल, तर हे वाचा. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय ऐकायला अगदी फुटकळ वाटेल. गोंद. म्हणजे फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, एम-सील, भिंतीवरचे हुक, डब्यावरचे स्टिकर, सगळंच. पण तुमच्यापैकी जे भाड्याच्या घरात राहतात, त्यांना विचारा. अकरा महिने संपतात, मालक घर बघायला येतो, आणि त्याची नजर पहिली कुठे जाते? कपाटाच्या दारावर राहिलेल्या डबल टेपच्या काळ्या चिकट पट्ट्यांवर. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायला तेवढं निमित्त पुरतं.

आणि विषय फक्त पैशांचा नाही. चुकीच्या गोंदाने जोडलेला कपाचा कान गरम चहासकट मांडीवर सुटू शकतो. चुकीच्या द्रवाने हेल्मेटवरचा स्टिकर काढला, तर हेल्मेट दिसायला छान राहतं, पण आतून कमजोर होऊ शकतं. मोबाइलचं मागचं झाकण उचललं गेलं म्हणून ते गोंदाने दाबून बसवणं तर सरळ धोक्याचं. त्याबद्दल शेवटाकडे सविस्तर बोलते.

तर आज दोन गोष्टी. नको असलेला गोंद काढायचा कसा, आणि हवा असलेला गोंद निवडायचा कसा. दोन्हींचं उत्तर एकाच वाक्यात आहे: गोंद जसा चिकटतो, तसाच तो सुटतो. हे वाक्य डोक्यात ठेवा, बाकी सगळं आपोआप जुळत जाईल.

गोंद चिकटतो म्हणजे नेमकं काय होतं?

प्रत्येक गोंदाला दोन कामं करावी लागतात. आधी पातळ होऊन दोन्ही पृष्ठभागांच्या बारीक खाचाखोचांत शिरायचं. मग तिथेच घट्ट व्हायचं. आपण बोलताना म्हणतो, "गोंद वाळला." पण सगळे गोंद वाळत नाहीत. घट्ट होण्याच्या त्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पहिली तऱ्हा: पाणी उडून जातं. आजीच्या काळातली खळ आठवा. मैदा किंवा कणीक पाण्यात शिजवायची आणि आकाशकंदिलाचे कागद चिकटवायचे. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून वापरायचा. आणि पांढरा फेव्हिकॉलही याच जातीचा. तो दुधासारखा दिसतो, कारण त्यात पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी लाकडात, कागदात मुरतं, हवेत उडतं, कण एकमेकांना चिकटतात आणि पांढरा गोंद पारदर्शक होतो. आता विचार करा, दोन काचांच्या मध्ये फेव्हिकॉल लावला तर? पाणी जाणार कुठे? आठवडाभर मधोमध ओलाच राहील. म्हणून पांढरा गोंद लाकूड, कागद, पुठ्ठा, कापड यांच्यासाठी. काच आणि स्टीलसाठी नाही.

दुसरी तऱ्हा: पाण्याऐवजी दुसरा एखादा द्रव उडून जातो. पंक्चरवाल्याचं सोल्युशन किंवा सनमायका बसवणारे सुतार वापरतात तो पिवळट, उग्र वासाचा रबरी गोंद या प्रकारातला.

तिसरी तऱ्हा: हवेतल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया होते. फेव्हिक्विक आणि तसले सगळे सुपरग्लू. यातल्या पदार्थाचं नाव सायनोअ‍ॅक्रिलेट. १९४२ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हा पदार्थ हाताशी आला, पण तो प्रत्येक गोष्टीला चिकटायचा, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. ज्या गुणामुळे तो टाकून दिला, तोच गुण पुढे १९५८ मध्ये गोंद म्हणून विकला गेला. बाथरूमच्या कडांना लावतात ते सिलिकॉन सीलंटसुद्धा हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं.

चौथी तऱ्हा: दोन वेगळे पदार्थ एकत्र करायचे. एम-सील, अराल्डाइट. एक भाग रेझिन, दुसरा हार्डनर. याला इपॉक्सी म्हणतात. यात काही उडून जात नाही, सगळंच्या सगळं घट्ट होतं. त्यामुळे हा फटी भरायला उत्तम, आणि काढायला सगळ्यात अवघड.

पाचवी तऱ्हा: घट्टच व्हायचं नाही! स्टिकर, सेलोटेप, डबल टेप यांचा गोंद कधीच वाळत नाही. तो घट्ट मधासारखा कायम चिकट राहतो. म्हणून दाबला की चिकटतो, आणि म्हणूनच वर्षभराने त्यावर धूळ बसून काळा राप चढतो.

आणि शाळेच्या प्रोजेक्टमध्ये वापरतो ती ग्लू गन? ते नुसतं वितळलेलं प्लॅस्टिक. गार झालं की घट्ट.

आता काढूया

आधी एक शिस्त. पाच पायऱ्या आहेत, आणि खालून वर जायचं. पहिली पायरी ऊब. दुसरी कोमट साबणपाणी. तिसरी तेल. चौथी स्पिरिट किंवा हँड सॅनिटायझर. पाचवी आणि शेवटची अ‍ॅसिटोन किंवा थिनर. बहुतेक लोक थेट पाचव्या पायरीवर उडी मारतात आणि गोंदाबरोबर रंगही काढतात. दुसरं म्हणजे, कोणताही द्रव आधी कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून पाच मिनिटं थांबून बघायचा. आणि खरवडायला सुरी घ्यायची नाही. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. त्याच्याइतकं चांगलं हत्यार घरात दुसरं नाही.

स्टिकर आणि टेप. नवीन स्टीलच्या डब्यावरचा तो चिवट स्टिकर! डब्यात आतून कडकडीत पाणी ओता, पाच मिनिटं थांबा आणि मग एका कोपऱ्यातून सावकाश ओढा. उष्णतेने हा गोंद मऊ होतो. जिथे गरम पाणी ओतता येत नाही तिथे हेअर ड्रायर. कागद निघाला आणि चिकटपणा मागे राहिला, तर खोबरेल तेल. कुठलंही खाण्याचं तेल चालेल. बोटाने चोळा आणि पंधरा मिनिटं विसरून जा. लोक इथे चुकतात. तेल लावतात आणि लगेच घासायला घेतात. तेलाला गोंदात शिरायला वेळ द्या, मग तो शेवया झाल्यासारखा गोळा होऊन निघतो. शेवटी भांड्याच्या साबणाने तेल धुवा.

फोमची जाड डबल टेप. भिंतीवरचा हुक कधीही सरळ आपल्याकडे ओढायचा नाही. रंगाचा पापुद्रा त्याच्याबरोबर येणार म्हणजे येणारच. ड्रायरने गरम करा, मग दातांचा फ्लॉस किंवा बारीक नायलॉनचा दोरा हुकाच्या मागे घालून करवतीसारखा पुढे-मागे चालवा. फोम मधोमध कापला जातो. भिंतीवर उरलेला थर अंगठ्याने घोळवत घोळवत काढा. भिंतीवर तेल मात्र नको, डाग पडतो. आणि ज्या पट्ट्यांना खाली शेपूट असतं, ती शेपूट भिंतीला समांतर, सरळ खाली, हळूहळू ताणायची. पट्टी रबरासारखी लांब होत सुटते.

पांढरा फेव्हिकॉल. ओला असेल तर ओलं फडकं, विषय संपला. वाळलेला असेल तर कोमट पाण्याने भिजवलेलं फडकं त्यावर अर्धा तास ठेवा. तो पुन्हा पांढरा आणि मऊ पडायला लागतो. तीच खूण, आता कार्डाने खरवडा. कपड्यावर पडला असेल तर कोमट पाण्यात भिजत घाला. वॉटरप्रूफ म्हणून मिळणारा लाकडाचा गोंद मात्र इतक्या सहज ऐकत नाही.

फेव्हिक्विक. याच्यावर चालतं ते अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर घेताना बाटलीवरचे घटक वाचा, कारण हल्ली बरेच रिमूव्हर अ‍ॅसिटोनशिवाय येतात. काचेवर, स्टीलवर, चकाकणाऱ्या चिनी मातीच्या टाइल्सवर अ‍ॅसिटोन चालेल. बोळा भिजवून थेंबावर दोन-तीन मिनिटं दाबून ठेवायचा, मग कार्डाने उचलायचं. प्लॅस्टिकवर मात्र अ‍ॅसिटोन बंद. तिथे कोमट साबणपाण्यात बराच वेळ भिजवून ठेवणं हाच सुरक्षित उपाय. हा गोंद पाण्यात विरघळत नाही, पण बराच काळ ओला राहिला की त्याची पकड ढिली होते.

रबरी गोंद. आधी बोटाने चोळून गोळ्या करून बघा, निम्मा तसाच निघतो. उरलेल्याला तेल, आणि पृष्ठभाग टिकाऊ असेल तर थोडं थिनर.

ग्लू गनचा गोंद. स्पिरिट किंवा सॅनिटायझरचे दोन थेंब कडेला सोडा. ते खाली झिरपतं आणि अख्खा तुकडा टक्कन सुटतो. कपड्यावर असेल तर बर्फ लावा, कडक झाला की उचकटा.

एम-सील आणि अराल्डाइट. ओला असेपर्यंत स्पिरिटने पुसला जातो. एकदा घट्ट झाला की घरातला कुठलाही द्रव त्याला विरघळवत नाही. उपाय एकच, उष्णता. ड्रायरची गरम हवा किंवा उकळतं पाणी यांनी तो रबरासारखा थोडा मऊ पडतो, त्या वेळात खरवडायचा.

सिलिकॉन. यावर द्रवांचा वेळ घालवू नका. ब्लेडने कापून, ओढून काढा. आणि लक्षात ठेवा, जुन्या सिलिकॉनवर कुठलाच नवा गोंद नीट बसत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. आधी जुनं पूर्ण काढणं भागच आहे.

पण पृष्ठभाग काय सोसतो?

गोंदाला काय मारतं हे कळलं, आता वस्तूला काय मारतं ते बघू. अर्धं नुकसान इथेच होतं.

व्हिनेगर आणि लिंबू. इंटरनेटवर प्रत्येक गोष्टीला हाच उपाय सांगतात. पण तुमच्या घरात संगमरवर, कोटा, शहाबादी फरशी किंवा जुन्या इमारतींमधली मोझॅइक असेल, तर हे दोन्ही फरशीपासून लांब ठेवा. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. आंबट पदार्थ लागला की दगडाची चकाकी खाल्ली जाते. तो डाग नसतो, दगडच झिजलेला असतो, त्यामुळे पुसून जात नाही. अशा फरशीवर साबणपाणी, मग स्पिरिट. तेलही टाळा, दगडात मुरतं.

जुनं लाकडी फर्निचर. आजोबांच्या काळातल्या कपाटाला जे पॉलिश असतं, ते बहुतेकदा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं असतं. म्हणजे सॅनिटायझर लावलात की पॉलिशच विरघळणार. जसा चिकटतो तसा सुटतो, हे पॉलिशलाही लागू आहे. तिथे ऊब आणि थोडं तेल, एवढंच.

प्लॅस्टिक. अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल यांनी टीव्हीचा रिमोट, लॅपटॉपचं झाकण, अ‍ॅक्रिलिकची पाटी हे सगळं मऊ पडतं, पांढरं होतं किंवा त्यात बारीक तडे जातात. हेल्मेटचं कवच याच कुळातलं. हेल्मेटवरचा स्टिकर फक्त कोमट साबणपाण्याने आणि धीराने काढा. निघत नसेल तर राहू द्या की! स्टिकरने डोकं फुटत नाही.

काच. साध्या खिडकीच्या काचेवर साबणपाणी लावून ब्लेड अगदी आडवं धरून चालवता येतं. काचेला सनफिल्म असेल तर ब्लेड नाही.

पुस्तकं. मुखपृष्ठावरच्या किमतीच्या स्टिकरला तेल लावू नका. ड्रायरची हलकी ऊब द्या आणि स्टिकर जवळजवळ उलटा दुमडून सावकाश ओढा.

आणि मोबाइल. टेम्पर्ड ग्लास काढल्यावर राहिलेला चिकटपणा फोन बंद करून, मऊ फडक्याला किंचित स्पिरिट लावून पुसा. द्रव फडक्यावर घ्यायचा, फोनवर ओतायचा नाही. अ‍ॅसिटोन तर नाहीच. स्क्रीनवर बोटांचे ठसे बसू नयेत म्हणून एक पातळ थर दिलेला असतो, तो निघून जातो.

इथे जरा थांबून नीट ऐका

अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल, स्पिरिट, रबरी गोंद, या सगळ्यांची वाफ पेट घेते. ज्योत लांब असली तरी वाफ तिथपर्यंत पोहोचते. म्हणजे स्वयंपाकघरात गॅस चालू असताना नाही, देवघरात समई लावलेली असताना नाही. खिडक्या उघड्या हव्यात. थिनर लावलेल्या जागी लगेच हेअर ड्रायर चालवायचा नाही. आणि "जास्त जोर येईल" म्हणून दोन बाटल्यांतले द्रव एकत्र करायचे नाहीत. विशेषतः ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा अ‍ॅसिटोन पडलं, तर विषारी वायू तयार होतात.

फेव्हिक्विक कापसाने पुसू नका. सुती कापड आणि कापसावर हा गोंद इतक्या झपाट्याने घट्ट होतो, की चटका बसण्याइतकी उष्णता निघते, कधी धूरही येतो. जीन्सवर सांडला तर कापड लगेच अंगापासून लांब धरा आणि भरपूर पाणी ओता.

बोटं चिकटली तर ओढू नका, कातडी फाटेल. कोमट साबणपाण्यात बुडवा, थोडं तेल लावा आणि पेन्सिल घोळवतो तशी बोटं घोळवत सोडवा. नाही सुटलं तर घाबरू नका, एक-दोन दिवसांत कातडीच्या मृत थराबरोबर गोंद आपोआप निघून जातो.

डोळ्यात गेला तर? ही काल्पनिक भीती नाही. सुपरग्लूची छोटी बाटली आणि डोळ्यांच्या थेंबांची बाटली अंधारात हाताला सारखीच लागते. म्हणून गोंद औषधांच्या डब्यात कधीच ठेवू नका. डोळ्यात गेलाच, तर पाण्याने धुवत राहा, पापण्या ओढून उघडू नका, डोळ्याजवळ अ‍ॅसिटोन आणू नका आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. "सकाळी बघू" म्हणायचं नाही.

घरात लहान मुलं असतील तर रबरी गोंद आणि थिनर कुलपात ठेवा. त्यांची वाफ मुद्दाम हुंगण्याने थेट हृदयावर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो.

बरं, आता नवीन गोंद घ्यायचाय

हार्डवेअरच्या दुकानात गेलात आणि "काका, स्ट्राँगवाला गोंद द्या" म्हणालात, तर काका काहीतरी देतील. पण सगळ्यात स्ट्राँग गोंद अशी गोष्टच नसते. स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला, दोन्ही वस्तू कशाच्या आहेत? पाणी शोषणाऱ्या, म्हणजे लाकूड, कागद, कापड, तर पांढरा गोंद. दोन्ही गुळगुळीत, म्हणजे धातू, काच, चिनी माती, तर इपॉक्सी किंवा सुपरग्लू.

दुसरा, जोड हलणार, वाकणार आहे का? बुटाचा तळ फेव्हिक्विकने चिकटवला की चार दिवसांत उलतो. का? कारण तो घट्ट झाल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो. पाऊल वाकलं की तडा. तिथे रबरी गोंद हवा, चप्पल दुरुस्तीवाले काका वापरतात तोच. लावायची पद्धतही त्यांची बघा. ते दोन्ही बाजूंना गोंद लावतात, दहा-पंधरा मिनिटं थांबतात, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबतात, आणि हातोडीने ठोकतात. ते थांबणं म्हणजे आळस नाही, आतला द्रव उडून जायला दिलेला वेळ आहे.

तिसरा, तिथे फट आहे का? सुपरग्लूला दोन्ही तुकडे तंतोतंत जुळायला हवेत. त्याचा थर जितका पातळ तितका जोड पक्का. "अजून थोडा घालू" म्हणून ओतलात, तर तो तासन्‌तास ओला राहतो आणि भोवती पांढरट झाक येते. एक थेंब पुरतो. फट असेल तर एम-सील, दोन्ही भाग समान घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळायचा. रंगाच्या रेघा दिसत असतील, तर मळणं अपुरं आहे.

चौथा, पाणी, ऊन, उष्णता लागणार का? बाथरूमच्या कडांना सिलिकॉन, कारण ते ताणतं आणि पाण्यात टिकतं. बाल्कनीत, बाथरूममध्ये पांढरा साधा गोंद नको.

आणि पाचवा, भाडेकरूंसाठी खास: हे पुढे काढायचं आहे का? असेल तर आजच सोपा सुटणारा गोंद निवडा. भिंतीवर पोस्टर लावायचं तर ताणून निघणाऱ्या पट्ट्या. फेव्हिक्विकचा थेंब नाही.

प्लॅस्टिकची बादली का चिकटत नाही?

हा प्रश्न तुम्ही सगळ्यात जास्त वेळा पाठवलात. बादली उलटी करा. तळाला बहुतेकदा त्रिकोणात एक आकडा असतो. २, ४ किंवा ५ असेल, तर ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलिन. या प्लॅस्टिकवर गोंद पसरतच नाही, मेणावर पाण्याचा थेंब राहावा तसा गोळा होऊन राहतो. घरगुती गोंदांपैकी जवळजवळ काहीच त्यावर टिकत नाही. पैसे वाया घालवू नका, तार किंवा स्क्रूने जोडा. आकडा ३ म्हणजे पीव्हीसी. त्याचं वेगळं सॉल्व्हंट सिमेंट मिळतं, ते पाइपाचे पृष्ठभाग वितळवून एकजीव करतं. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि थर्माकोल हे त्याचंच फुगवलेलं रूप. त्यावर रबरी गोंद किंवा फेव्हिक्विक लावला की खड्डा पडतो. तिथे पांढरा फेव्हिकॉल.

एक शेवटची युक्ती, जी गोंदापेक्षा महत्त्वाची. चिकटवण्याआधी जागा साबणाने धुवा, वाळवा, स्पिरिटने पुसा. गुळगुळीत असेल तर पॉलिश पेपर दोनदा फिरवा. आणि पाकिटावर जितका वेळ लिहिलाय तितका वेळ हात लावू नका. फेव्हिकॉलने जोडलेलं लाकूड दोरीने आवळून रात्रभर ठेवा. बहुतेक जोड गोंद वाईट म्हणून सुटत नाहीत, तेलकट हात आणि घाई यामुळे सुटतात.

आणि जिथे गोंद लावायचाच नाही

कुकरचं हँडल. गॅसची नळी. वायरची फाटलेली जागा. दुचाकीचा ब्रेक लिव्हर. तडा गेलेलं हेल्मेट. यांना दुरुस्ती नसते, यांना नवीन आणायचं असतं. चहाच्या कपाचा तुटलेला कान इपॉक्सीने जोडलात, तर त्या कपात पेनं ठेवा. उकळत्या चहाच्या उष्णतेने इपॉक्सी मऊ पडतो, हे आपण मघाशीच बघितलं.

आणि मोबाइल. फोनचं मागचं झाकण एका बाजूने उचललं गेलंय, किंवा स्क्रीन कडेने वर आलीय. दरवेळी गोंदच सुटलेला नसतो. अनेकदा आतली बॅटरी फुगलेली असते आणि ती झाकण आतून ढकलत असते. तुम्ही वरून फेव्हिक्विक सोडून, पुस्तकांचा गठ्ठा ठेवून दाबलंत, तर तुम्ही फुगलेल्या लिथियम बॅटरीवर दाब देताय. ती आतून फाटली तर पेट घेते. फोन सपाट टेबलावर ठेवून बघा, पाठ डगमगतेय का, मधे फुगवटा आहे का. असेल तर चार्जिंग काढा, फोन बंद करा, उशीखाली किंवा खिशात ठेवू नका आणि दुरुस्तीच्या दुकानात न्या. आपल्यापैकी बरेच जण फोन उशाशी घेऊन झोपतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तर मंडळी, उजळणी एका दमात. कशाने घट्ट झाला ते ओळखा. ऊब, साबण, तेल, स्पिरिट, अ‍ॅसिटोन, याच क्रमाने जा. कोपऱ्यात आधी तपासा. द्रवाला वेळ द्या, हाताला आवर घाला. आणि नवीन लावताना, हा उद्या काढावा लागेल का, एवढं आजच विचारा.

तुमच्या घरात एखादा चिकट डाग हटूनच बसला असेल, तर तो कशावर आहे आणि कशाचा आहे, या दोन गोष्टींसकट व्हॉइस नोट पाठवा. नुसता फोटो नको, फोटोत सगळेच गोंद सारखे दिसतात. आणि घर बदलणाऱ्या मित्राला हा भाग सामान बांधायला लागायच्या आधी पाठवा, नंतर नको. भेटू पुढच्या भागात!